पान उलटताना

शहापूर, बेळगाव

बाळ,

अनेक आशीर्वाद.

त्या फोटोपुस्तकाचं तुझं परीक्षण दोनदा वाचलं. मनापासून लिहिलंयस, भाषाही स्वच्छ आहे. पण तीन पानांत ‘अप्रतिम’ पाच वेळा आलंय आणि ‘छायाप्रकाशाचा खेळ’ दोनदा. हे शब्द कुठल्याही फोटोला चिकटतात, म्हणून कुठल्याच फोटोबद्दल काही सांगत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तू बारा फोटोंबद्दल लिहिलंस, पुस्तकाबद्दल मात्र एक ओळ नाही. तेच फोटो भिंतीवर टांगले असते तरी तुझ्या लेखात काही बदललं नसतं. त्यासाठीच हे पत्र.

फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकचं ‘द अमेरिकन्स’ हे फोटोपुस्तक घे. 1955-56 मध्ये गाडीनं अमेरिका पालथी घालून त्यानं सुमारे 28,000 फोटो काढले आणि पुस्तकात ठेवले 83. पुस्तक आधी 1958 साली पॅरिसला निघालं. त्यात फोटोंच्या समोरच्या पानांवर अमेरिकेविषयी निरनिराळ्या लेखकांचे उतारे होते. पुढच्या वर्षी अमेरिकेत आवृत्ती निघाली तेव्हा ते उतारे काढून टाकले, समोरचं पान जवळजवळ कोरं राहिलं. फोटो तेच, पण मला विचारशील तर पुस्तकं दोन. पहिल्यात फोटो मजकुराची साक्ष द्यायला बोलावल्यासारखे वाटतात, दुसऱ्यात कोऱ्या पानाशेजारी आपल्याला त्यांच्यापुढं थांबावं लागतं. आणि क्रम बघ. पहिल्याच फोटोत खिडकीतल्या एका बाईचं तोंड झेंड्याआड गेलंय. पुढं झेंडा पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी ती खिडकी मनात येते. हे कुठल्याही एका फोटोत सापडणार नाही, पानं उलटताना ते घडतं. परीक्षण त्याचं लिहायचं.

मी पंचवीस वर्षं बाइंडिंगच्या टेबलाशी काढली, त्यामुळं फोटो बघायच्या आधी माझा हात पुस्तकाच्या पाठीवर जातो. तूही तशी सवय लाव. पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेव. जुजबंदीचं असेल, म्हणजे फर्मे, घडी घातलेल्या पानांचे जुडगे, दोऱ्यानं शिवलेले असतील, तर ते बऱ्यापैकी सपाट पडतं. नुसती पाठ चिकटवलेली असेल तर मिटायला बघतं, आणि दोन पानांवर पसरलेल्या फोटोचा मधला भाग गिळून टाकतं. ही बारीकसारीक तांत्रिक बाब वाटत असेल तर एक सांगतो.

काही वर्षांपूर्वी वडगावच्या विणकरांवरचं एक फोटोपुस्तक माझ्या हाती आलं. जाड आर्ट पेपर, छपाई झकास, किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. त्यातल्या एका विणकराला मी ओळखत होतो, म्हणून पुस्तक त्याच्या घरी घेऊन गेलो. त्याच्या आईनं आधी पदराला हात पुसले, मग पुस्तक मांडीवर घेतलं. मुलाचा फोटो दोन पानांवर होता. ती दोन्ही अंगठ्यांनी पानं ताणून ताणून बघत राहिली आणि म्हणाली, “तोंड कुठं गेलं गा ह्येचं?” नाक आणि एक डोळा मधल्या खाचेत गेला होता. उजव्या पानावर मागातला धोटा मात्र लख्ख, त्याच्यावरच्या चरासकट. विणकर काही बोलला नाही, चहा सांगायला उठला. त्या पुस्तकाची दोन-तीन परीक्षणं मी आधी वाचली होती. सगळ्यांत फोटोंची तारीफ होती. ह्या पानाबद्दल एकानंही लिहिलं नव्हतं. मला त्याचा राग आला होता, अजून येतो.

म्हणून आकार, कागद, घडी, शिवण ह्यांच्याकडं आशयाचा भाग म्हणून बघ. फोटोग्राफर दयानिता सिंग ह्यांचं 2017 मधलं ‘म्युझियम भवन’ म्हणजे एका पेटीत नऊ छोटी पुस्तकं, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी उलगडणारी. ती टेबलावर उभी करून मांडता येतात, म्हणजे बघणाराच घरात आपलं प्रदर्शन लावतो. फोटोग्राफर सोहराब हुरा ह्यांच्या 2019 च्या ‘द कोस्ट’ ह्या पुस्तकात तेच फोटो जोड्या बदलून परत परत येतात. ठेक्याचे बोल तेच, पण शेजार बदलला की वजन बदलतं, तसं. आधी निरुपद्रवी वाटलेला फोटो तिसऱ्यांदा येतो तेव्हा अंगावर येतो. असं काही जाणवलं की कितव्या फेरीत जाणवलं, शेजारी काय होतं, ते तिथल्या तिथं टिपून ठेव. नंतर आठवत नाही.

आपल्या भागाची एक गोष्ट तुझ्याकडं आहे, ती वापर. तुला मराठी आणि कानडी दोन्ही वाचता येतं. फोटोत मागं दिसणारी दुकानाची पाटी, बसवरचं गाव, भिंतीवर खरवडलेलं अक्षर बाहेरच्या परीक्षकाला नुसती नक्षी असते. खानापूरच्या बाजाराचा फोटो असेल तर तू त्यातलं वाचू शकतोस की नाही? मग वाच आणि लिही. फोटोखालच्या ओळी कुठल्या भाषेत आहेत तेही नोंदव. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईचा फोटो असेल आणि खालची ओळ फक्त इंग्रजीत असेल, तर ते पुस्तक कुणाच्या हाती पडावं म्हणून केलंय हे कळतं.

पानं उलटतानाचे व्हिडिओ बघून मात्र परीक्षण लिहू नकोस. पुस्तकं महाग आहेत, कबूल. पण चार जणांनी मिळून वर्षाला एक घ्या, आणि एकदा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघून बेंगळुरूला जाऊन ये. तिथं 2023 मध्ये सुरू झालेलं म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी आहे, निदान छापलेला मूळ फोटो कसा दिसतो ते डोळ्यांत भरून घे.

तू ज्याच्यावर लिहिलंस ते पुस्तक माझ्याकडं एक आठवडा राहू दे. अर्ध्यावर त्याचा कागद बदलतो, चकचकीतचा एकदम खरबरीत होतो. बोटाला लगेच कळतं, तुझ्या लेखात ते नाही. कुठल्या फोटोपासून बदलतो ते मी सांगणार नाही. रविवारी दुपारी ये, माडीवर उजेड चांगला असतो. जेवून आलास तर हात साबणानं धुऊन ये.

तुझा,
काका