केरळमधलं अनाईमुडी शिखर सह्याद्रीतच आहे, मग ते आपल्या डोंगरांसारखं का दिसत नाही? तिथलं हवामान कसं असतं, कधी जावं?

कारण तिथला दगडच वेगळा आहे. आपला सह्याद्री लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला, म्हणून त्याला कडे आहेत, माच्या आहेत. पालघाटच्या खिंडीपलीकडे हा बेसॉल्ट नाही. तिथले नाईस-ग्रॅनाइटसारखे खडक कितीतरी जुने, आणि झिजून गोलसर झालेले. एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात राजामलाच्या रस्त्यावरून मी ते शिखर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याला हत्तीच्या गंडस्थळाची उपमा का देतात ते बघताक्षणी पटलं.

उंची २६९५ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी हजारभर मीटर. विषुववृत्तापासून जेमतेम १० अंशांवर असूनही जानेवारीत पहाटे तिथल्या गवतावरचं दव गोठतं. मी मुन्नारजवळ ते पांढरं पडलेलं गवत हाताने चाचपून पाहिलं. दुपारी त्याच जागी स्वेटर काढावा लागला. उघड्या उतारांवर झाडं का वाढत नाहीत, याचं एक कारण हीच रात्रीची गोठण मानली जाते. कोवळी रोपं जळून जातात, गवत टिकतं. झाडं सापडतात ती ओढ्यांच्या घळींत, बुटकी, शेवाळलेली, दाटीवाटीने उभी. त्या रानाला तिकडे 'शोला' म्हणतात.

पाऊस नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा, जूनपासून, आणि बेफाम. पण मुन्नारहून पूर्वेला मरयूरमार्गे चिन्नारला उतरा, काही तासांतच काटेरी झुडपांचा कोरडा मुलूख लागतो. महाबळेश्वरहून वाईकडे उतरताना हिरवळ ओसरत जाते, तेच इथे, फक्त फार ठळकपणे. अनाईमुडीची रांग ढग अडवते आणि मागच्या बाजूला पर्जन्यछाया पडते. माझ्या मते हा उतार पाहिल्याशिवाय तिथून परतू नये.

ऑक्टोबर ते जानेवारी जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नीलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीसाठी उद्यान साधारणपणे बंद असतं, आणि ते योग्यच आहे. शिखरावर पर्यटकांना सहसा सोडत नाहीत. राजामलापर्यंत वनखात्याची बस जाते. तिथे ताहर अगदी रस्त्याकडेला चरताना दिसतात. नीलकुरिंजी, आपल्या कारवीची बहीण, १२ वर्षांनी फुलते. मागचा बहर २०१८चा, त्यामुळे तो पाहायचा असेल तर २०३०च्या पावसाळ्याअखेरची तयारी ठेवा.