किराणा शनिवारीच भरा

प्रश्न : लेकीकडे जर्मनीतल्या छोट्या गावात तीन महिने चालले आहे. तिथला बाजारहाट मला जमेल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, नक्की जमेल. मी परभणीची, लेकाकडे राहून आले. रविवारी दुकानं बंद, म्हणून किराणा शनिवारीच भरा. ट्रॉली साखळीला अडकवलेली असते. १ युरोचं नाणं घातलं की सुटते, जागेवर लावली की नाणं परत. पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली चेपू नका, फेकू तर नकाच! दुकानातल्या मशीनमध्ये घातली की २५ सेंटची चिठ्ठी निघते, ती बिलातून वजा होते. मी पहिल्याच आठवड्यात चार बाटल्या कचऱ्यात घातल्या, अजून हळहळ वाटते. तूप-पेढे मात्र नेऊ नका; दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.