खवले किडीची प्रजाती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते का?

आपल्या सीताफळाच्या फांद्यांवर आणि कुंडीतल्या जास्वंदीवर कापसासारखी पांढरी कीड आली आहे, फोनमधले अ‍ॅप तिला एकदा 'खवले कीड' तर एकदा 'पिठ्या ढेकूण' म्हणते, तेव्हा बाह्य लक्षणांवरून तिची नेमकी प्रजाती कशी ठरवावी, असे आपण विचारले आहे. साध्या भिंगाने आपण कुळापर्यंत नक्की पोहोचाल, प्रजातीपर्यंत मात्र क्वचितच, आणि अ‍ॅपवर अजिबात विसंबू नका. इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे की याच ओळखण्यावरून आमच्या घरात सहा वर्षांपूर्वी सुरू झालेला वाद अद्याप मिटलेला नाही.

मी प्राणिशास्त्र शिकले आणि लग्नानंतर तासगाव तालुक्यात आले. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. बागेचे निर्णय मोठे भावजी घेतात आणि औषध कोणते, हे दुकानदार ठरवतो. त्या वर्षी घडांत पाणी उतरायला लागले आणि ओलांड्यांच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांच्या, सालीखाली दडलेला मिलीबग, म्हणजेच पिठ्या ढेकूण, घडांत शिरला. माल निर्यातीचा होता, त्यामुळे त्या टप्प्यावर फवारणी केली तर औषधाचा अंश मण्यांत सापडण्याची भीती होती. मी क्रिप्टोलिमसचे भुंगेरे सोडण्याचा आग्रह धरला. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा ढालकिडा भारतात 1898 साली आणला गेला आणि तो मुख्यतः मिलीबगवर जगतो, हे मी घरात इतक्या वेळा सांगितले की शेवटी ह्यांनी भुंगेऱ्यांचे डबे आणून वेलींवर सोडले. भावजी काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे म्हणजे संमती नसते, हे तोवर मला कळलेले नव्हते.

तीन आठवड्यांनी सासूबाईंच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही दोघे दोन दिवस सांगलीला होतो. इकडे भावजींना घडांवर पांढरे, झुपकेदार, नेहमीच्या मिलीबगच्या तिप्पट आकाराचे किडे फिरताना दिसले. त्यांनी फोटो काढून दुकानदाराला पाठवला. 'मोठा मिलीबग आहे, आजच मारून घ्या,' असे उत्तर आले आणि संध्याकाळी औषध फवारणारा ब्लोअर फिरला. परत आल्यावर वेलींखाली पडलेले किडे मी कागदावर घेतले आणि भिंगाखाली उलटे केले. प्रत्येकाला सहा मजबूत पाय होते, पुढे स्पष्ट डोके होते आणि चावणारे जबडे होते. मिलीबगला जबडे नसतात. त्याला रस शोषणारी बारीक सोंड असते आणि ती पोटाच्या बाजूला पुढच्या पायांजवळ निघते. मेल्या होत्या त्या सगळ्या क्रिप्टोलिमसच्या अळ्या. त्यांच्या अंगावरही मेणाचे पांढरे धागे असतात, फक्त ते जास्त लांब आणि विस्कटलेले असतात. भुंगेऱ्यांचे पैसे गेले आणि निर्यातीचा माल स्थानिक बाजारात विकावा लागला. 'पांढरे ते पांढरे, बागेत भिंग घेऊन कोण फिरतो?' असे भावजी तेव्हा म्हणाले. माझे म्हणणे तेव्हाही होते आणि आजही आहे की औषधावर एवढा खर्च करणाऱ्या माणसाने भिंग घेऊनच फिरले पाहिजे.

आता आपल्या झाडांकडे वळते. सुईच्या टोकाने खवला हलकेच उचलून पाहा. वरचे कवच झाकणासारखे निघाले आणि खाली मऊ, बिनपायांचा किडा वेगळा दिसला, तर ती कवचधारी खवले कीड होय. हिचे कवच मेण आणि टाकलेली कात यांचे बनलेले असते. कातीचा ठिपका मध्यभागी आहे की कडेला, हेही नोंदवावे. ही कीड चिकटा, म्हणजे गोडसर चिकट द्रव, सोडत नाही, म्हणून तिच्यावर मुंग्या येत नाहीत. आपल्याकडे उसाचे पाचट काढल्यावर कांड्यांवर करड्या-काळपट गोल ठिपक्यांचा जो थर दिसतो, ती मेलॅनास्पिस ग्लोमेराटा याच कुळातली आहे. कवच वेगळे होत नसेल, पाठ फुगीर किंवा चपटी असेल आणि पानांवर चिकटा व त्यावर वाढणारी काळी बुरशी म्हणजे काजळी असेल, तर ती मऊ खवले कीड समजावी; तिच्या मागच्या टोकाला एक चीर आणि दोन त्रिकोणी पट्ट्या असतात. सैसेशिया ओलिए या प्रजातीच्या पाठीवर इंग्रजी एच अक्षरासारखे उंचवटे दिसतात, पण इतकी सरळ खूण फार थोड्या प्रजातींना लाभलेली आहे. अंग पिठाने माखलेले, शरीराचे खंड दिसणारे आणि पाय शाबूत असलेले, तो पिठ्या ढेकूण.

आपण केलेल्या वर्णनावरून आपल्याकडे बहुधा पिठ्या ढेकूणच असावा. जास्वंदीचे शेंडे आखडून त्यांचा गुच्छ झाला असेल, किडा गुलाबीसर असेल, कडेने धागे जवळपास नसतील आणि चिरडल्यावर तांबूस द्रव निघत असेल, तर तो बहुधा मॅकोनेलिकोकस हिर्सुटस, म्हणजे आमच्या द्राक्षातलाच गुलाबी मिलीबग असावा. सीताफळावर कडेने आखूड धाग्यांची झालर आणि पाठीवर मधोमध गडद रेघ दिसली, तर प्लॅनोकोकस सिट्रीचा संशय घ्यावा. पाठीवर दोन गडद पट्टे आणि मागे दोन लांब शेपट्या असतील, तर फेरिसिया व्हर्गाटाचा. मी 'बहुधा' आणि 'संशय' हे शब्द मुद्दाम वापरले आहेत, कारण मेण पावसाने धुऊन जाते, घासून निघते, आणि लहान वयातले किडे तर एकमेकांसारखेच दिसतात.

प्रजातीवर शिक्कामोर्तब होते ते प्रौढ मादीवरून. नर वेगळाच दिसतो; त्याला बहुधा पंखांची एकच जोडी असते, काम देणारे तोंड नसते आणि तो थोडे दिवसच जगतो. मादीला पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात पारदर्शक करून, रंगवून, काचपट्टीवर बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या त्वचेवरची छिद्रे, नलिका व केस पाहतात. त्यामुळे आपल्याला खरोखर प्रजाती हवी असेल, तर फांदीच्या तुकड्यासह आठ-दहा प्रौढ माद्या 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून, झाडाचे नाव आणि तारीख लिहून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात द्याव्यात. नुसता बंदोबस्त करायचा असेल, तर कूळ कळले तरी पुष्कळ काम होते. तोवर दुकानदाराला फोटो पाठवू नका.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. वरच्या प्रसंगानंतर पुढच्याच वर्षी परसातल्या पेरूवर मला लांब शेपट्यांचे पांढरे किडे दिसले, आणि 'हे क्रिप्टोलिमसच असणार, कुणी हात लावू नका,' असे मी स्वयंपाकघराच्या दारातूनच जाहीर केले. भिंग आत कपाटात होते. दोन आठवड्यांत पेरूची पाने काजळीने काळी झाली. ती फेरिसिया निघाली. भावजींनी एक काळे पान तोडून माझ्या भिंगाशेजारी आणून ठेवले आणि 'हे मित्रकीटकांचे काम का?' एवढेच विचारले.