हीटर प्लगला हेडलाइटचा रिले पुरत नाही

प्रश्न : माझ्याकडे १९८३ सालची मर्सिडीज ३०० डी ही पाच सिलिंडरची डिझेल गाडी असून ती शेतातील आखाड्यावरच्या शेडमध्ये उभी असते. हीटर प्लगचा (इंजिन सुरू करण्याआधी सिलिंडरमध्ये उष्णता देणाऱ्या प्लगचा) मूळ रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बिघडल्यावर इलेक्ट्रिशियनने हेडलाइटचा चार पिनांचा रिले आणि पुश बटन बसवून दिले. थंडी पडल्यापासून सकाळी इंजिन नुसते फिरते, पांढरा धूर येतो, पण पेट घेत नाही. दुपारी मात्र लगेच सुरू होते. बॅटरी नवी आहे. दोष कोठे शोधावा?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. ते सिलिंडरपर्यंत पोचते आहे, तेव्हा पंप आणि नोझल तूर्त उघडू नका. कमी पडते आहे ती उष्णता. परभणी जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा अनेकदा १० अंशांखाली जातो आणि अशा वेळी या इंजिनाला हीटर प्लगवाचून गत्यंतर नसते.

माझा पहिला संशय त्या बदली रिलेवरच आहे. या गाडीच्या मूळ रिलेत ८० अँपिअरचा पट्टी-फ्यूज असतो, कारण पाचही प्लग एकाच वेळी वीज ओढतात. हेडलाइटचा रिले साधारण ३० ते ४० अँपिअरचा. एवढ्या भाराने त्याचे पॉइंट (वीज जोडणारे आतील संपर्क) जळून काळे पडतात किंवा एकमेकांना चिकटतात. चिकटले, तर बटन सोडल्यावरही प्लग तापत राहून जळतात.

तपासणी भार चालू असतानाच, म्हणजे प्लग वीज ओढत असतानाच करावी, हे मी आग्रहाने सांगतो. भार नसताना उंदराने कुरतडलेल्या वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मल्टिमीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. म्हणून कुणाला तरी थोडा वेळ बटन दाबून ठेवायला सांगून आधी बॅटरीच्या टर्मिनलवर, मग रिलेच्या ३० (बॅटरीकडून येणारी) आणि ८७ (प्लगकडे जाणारी) या पिनांवर व शेवटी प्लगच्या टोकावर व्होल्टेज मोजावे. ३० आणि ८७ यांच्यात एक-दोन व्होल्टचा फरक आला, तर पॉइंट जळाले आहेत. बॅटरी आणि ३० यांच्यातच फरक दिसला, तर केबल, लग (केबलच्या टोकाची कडी) किंवा गंजलेला जोड पाहावा. रिलेचा ‘टक्’ आवाजच येत नसेल, तर ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना व त्यांची अर्थिंग तपासावी.

त्यानंतर प्रत्येक प्लगची वायर काढून बॅटरीचा प्लस आणि प्लगचे टोक यांच्यामध्ये १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प धरावा. दिवा लागला नाही, तर तो प्लग आतून तुटला आहे.

प्लग बदलले तरी हा रिले ठेवू नका. टायमर असलेला मूळ प्रकारचा रिलेच बसवा आणि त्यातील पट्टी-फ्यूज हलकेच दाबून पाहा. केसासारखी चीर नुसत्या नजरेला दिसत नाही. दुरुस्ती होईपर्यंत पेट्रोलचा बोळा एअर फिल्टरपाशी धरून गाडी सुरू करण्याचा प्रयत्न कृपया करू नका, कारण प्लग तापलेले असताना ती वाफ अवेळी भडकून पिस्टन फुटू शकतो.