गुडघ्यात 'कट्' आवाज आला, एक्स-रे नॉर्मल आहे, पण वळताना गुडघा सटकतो. पट्टा बांधून स्पर्धा खेळू का? ऑपरेशन करावंच लागेल का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय २३, कबड्डीतले चढाईपटू. सात आठवड्यांपूर्वी मॅटवर बोनस गुण घेऊन मागे वळताना उजवं पाऊल जागेवर अडकलं, अंग फिरलं आणि गुडघ्यात 'कट्' झालं. कुणी धरलंही नव्हतं. तासाभरात गुडघा टम्म सुजला. एक्स-रे नॉर्मल आला. 'वाटी सरकली असेल' म्हणून तेल लावून चोळून घेतलंत. आता सरळ चालताना काही दुखत नाही, पण झटकन वळलं की गुडघा निसटल्यासारखा होतो. स्पर्धा महिन्यावर आली आहे.

आधी उत्तर देते: ही स्पर्धा खेळू नका. ऑपरेशनचं मात्र आजच ठरवायची गरज नाही, त्याआधी करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगली भागात काम करते, आणि कॉलेजात कबड्डी खेळत होते. तुमच्यासारखाच गुडघा मी स्वतः भोगलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गुडघ्याची रचना समजली की बाकीचं सोपं जातं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक दोन गोल उंचवट्यांचं आहे आणि नडगीचं वरचं टोक जवळजवळ सपाट. घागर सपाट ओट्यावर ठेवली की डुगडुगते, खाली चुंबळ ठेवली की नीट बसते. गुडघ्यात तशा दोन चुंबळी आहेत, कडेला जाड आणि मधे पातळ. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात, आपण बोलताना 'गादी' म्हणतो. पण घागर नुसत्या चुंबळीवर धावत नाही, आणि आपल्याला तर धावायचं, उडी मारायची, वळायचं असतं. म्हणून हाडं चार मुख्य लिगामेंटनी, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांनी बांधलेली आहेत. दोन बाजूंना दोन, आणि सांध्याच्या पोटात एकमेकांना फुलीसारखी ओलांडून जाणारी दोन. त्यातलं पुढचं म्हणजे एसीएल. जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब, बोटाएवढंही जाड नाही. नडगी पुढे सरकू न देणं आणि गुडघा नको तितका पिळू न देणं, ही त्याची दोन कामं.

एक करून बघा. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात ठेवा आणि पाऊल आत-बाहेर वळवा. नडगी फिरते. आता वाटीच्या चार बोटं खाली हाडाचा जो टेंगळासारखा उंचवटा लागतो त्यावर बोट ठेवा आणि पाय हळूहळू पूर्ण सरळ करा. शेवटी शेवटी तो उंचवटा किंचित बाहेरच्या बाजूला सरकतो. म्हणजे गुडघा सरळ होताना नडगी थोडी फिरून कडी लागल्यासारखी घट्ट बसते. म्हणूनच आपण रांगेत तासभर उभे राहू शकतो, मांडीला फार मेहनत पडत नाही. पुन्हा वाकवताना गुडघ्यामागचा एक लहानसा स्नायू ती कडी काढतो. गुडघा म्हणजे दाराची बिजागरी असं सगळ्यांना वाटतं, पण तो वाकतो तेव्हा घरंगळतो, सरकतो आणि फिरतोही. तुमची दुखापत या फिरण्यातच झाली आहे.

मातीच्या मैदानावर पाय थोडा घसरतो. मॅटवर बुटाचा रबरी तळ पकडून ठेवतो. पाऊल खाली रोवलेलं, गुडघा थोडासा वाकून आत झुकलेला आणि धड दुसरीकडे वळलेलं, की सगळा पीळ त्या तीन सेंटिमीटरच्या दोरीवर येतो. एसीएल बहुतेक वेळा असंच तुटतं, कुणी अंगावर न येता. त्यामुळे 'मला तर कुणी धरलंच नव्हतं, मग एवढं काय होणार' हा विचार सोडून द्या.

आता सूज. तासा-दोन तासांत टम्म फुगलेला गुडघा म्हणजे बहुधा आत रक्त साचलेलं असतं, आणि वळताना आवाज येऊन असं झालं असेल तर पहिला संशय एसीएलवरच घ्यायचा. नुसती गादी फाटली तर सूज सहसा हळू येते, दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात येते. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं तर दुखणं त्याच बाजूला बोटाने दाखवता येतं, आणि ते बहुतेकदा ऑपरेशनविना भरून येतं. वाटी खरोखर निखळून तशीच राहिली असती तर ती बाहेरच्या बाजूला गेलेली तुम्हाला डोळ्यांनी दिसली असती. आपल्याकडे गुडघ्याच्या प्रत्येक दुखण्याला 'वाटी सरकली' म्हणायची सवय आहे. त्या एका शब्दापायी किती खेळाडूंचे महिने वाया गेलेत, हे रोज बघते आणि जीव तुटतो. ताज्या सुजेवर गरम तेलाचं चोळणं तर रक्तस्राव वाढवतं.

एक्स-रे नॉर्मल आला यावर विसंबू नका. एक्स-रेत हाडं दिसतात, लिगामेंट आणि गादी दिसत नाही. तुम्हाला हवी ती तपासणी हातांनी होते. तुम्ही उताणे झोपता, गुडघा साधारण २० ते ३० अंश वाकवलेला. तपासणारा एका हाताने मांडी धरतो, दुसऱ्याने नडगी पुढे ओढतो. याला लॅकमन चाचणी म्हणतात. शाबूत गुडघ्यात दोरीला हिसका बसावा तसा ठाम थांबा हाताला लागतो. तुटलेल्यात नडगी पुढे येत राहते आणि शेवट मऊ, ओल्या मातीत हात रुतावा तसा. दोन्ही पाय एकामागोमाग तपासले की हा फरक पेशंटलाही कळतो, काही जण तर उठून बसतात आणि 'पुन्हा करा' म्हणतात. तेव्हा खेळाच्या दुखापती बघणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा, ही चाचणी होऊ द्या, मग ते सांगतील तो एमआरआय करा. एमआरआयमुळे मुख्यतः गाद्यांचं काय झालंय ते कळेल.

माझ्या बाबतीत हे कुणी केलं नाही. पहिल्यांदा गुडघा गेला तेव्हा मला आठवडाभर लेप लावला, पट्टा दिला आणि 'आता चालतेस ना नीट, मग खेळ' असं सांगितलं. सहाव्या आठवड्यात मी मैदानावर होते. चार सामने निघाले, पाचव्यात वळताना गुडघा पुन्हा सटकला आणि या वेळी आतली गादी फाटून सांध्यात अडकली. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, एसीएल नवं केलं, पण गादीचा फाटलेला तुकडा काढूनच टाकावा लागला. एसीएल नवं करता येतं. काढलेली गादी परत येत नाही. गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे तिथली चीर शिवून जुळू शकते, आतल्या भागातली सहसा जुळत नाही. जिने उतरताना तो गुडघा मला आजही जाणवतो. पट्टा बांधून खेळू नका, असं एवढ्या ठामपणे म्हणते ते यासाठी. नी कॅपने गुडघा उबदार राहतो, मनाला धीर येतो, पण आतला पीळ त्याने थांबत नाही.

आता ऑपरेशन. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर एक अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर केलं. उरलेल्या ५९ जणांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच नंतर ऑपरेशन. दोन वर्षांत त्या ५९ पैकी २३ जणांनी ऑपरेशन करून घेतलं, पाच वर्षांत ३० जणांनी. बाकीच्यांचं त्याविना भागलं, आणि दोन्ही गटांतल्या लोकांनी आपापल्या गुडघ्याला दिलेले गुण जवळपास सारखेच होते. पण त्यात व्यावसायिक खेळाडू घेतलेले नव्हते, हेही लक्षात घ्या. शेती, नोकरी, पोहणं, सायकल एवढंच करायचं असेल तर मजबूत मांडीच्या जोरावर एसीएलविना अनेकांचं नीट चालतं. कबड्डीत दर चढाईला वळायचंच आहे. तेव्हा तुम्हाला परत चढाई करायची असेल आणि व्यायाम करूनही गुडघा सटकत असेल, तर माझं मत ऑपरेशनच्या बाजूने आहे. फाटलेली गादी शिवण्याजोगी निघाली, तर तेव्हाही फार थांबू नये.

ऑपरेशनमध्ये तुटलेल्या जागी तुमच्याच शरीरातली एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी बसवतात. बहुतेकदा मांडीच्या मागची, कधी वाटीखालची, कधी घोट्याच्या बाजूची. ती बसवली की झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात पहिले काही महिने ती नवी दोरी कमजोर होते, मग हळूहळू तिच्यात रक्तवाहिन्या शिरून ती जिवंत होते. नेमक्या त्याच काळात दुखणं थांबलेलं असतं आणि खेळाडूला वाटतं आपण बरे झालो. नॉर्वेत झालेल्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं तितका पुन्हा दुखापतीचा धोका कमी झाला, दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने. म्हणून मी कुणालाही नऊ महिन्यांच्या आत चढाईला सोडत नाही, आणि नऊ झाले तरी ऑपरेशन झालेल्या मांडीची ताकद दुसऱ्या मांडीच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे.

मांडीचं काम आजच सुरू करा, ऑपरेशन होवो न होवो. गुडघा सुजला की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडता घेतो आणि तो बघता बघता वाळतो. घरातली शिवणकामाची टेप घ्या, वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटरवर दोन्ही मांड्या मोजा. फरक बघून तुम्ही स्वतःच दचकाल. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती मांडीच्या जोराने दाबा, पाच-सहा सेकंद धरा, सोडा. दहा-दहाचे तीन फेरे, दिवसातून तीनदा. टाच उशीवर ठेवून गुडघा खाली पूर्ण सरळ होऊ द्या, दुसऱ्या पायाइतका सरळ झालाच पाहिजे. मग सरळ पाय उचलणं, भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं. पुढची पायरी समोर बसलेल्या फिजिओने तुमचा गुडघा बघून ठरवावी. उडी, वळणं, दोरीवरच्या उड्या आणि मित्रांबरोबर 'हलकीच' चढाई, हे सगळं बंद.

आणि एक. गुडघा मधेच अडकला, काही केल्या सरळ होत नसेल, तर फाटलेली गादी सांध्यात शिरलेली असू शकते. तेव्हा हिसका देऊन सोडवायला जाऊ नका, कुणाला ओढूही देऊ नका. तसाच वाकलेला पाय घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.