फेंगशुईतील घरापुढची मोकळी जागा

घरासमोर जितकी मोकळी जागा अधिक तितकी कुटुंबाची भरभराट अधिक, असे फेंगशुई मानते का, आणि आपल्या वास्तुशास्त्राशी ते जुळते का, असे आपण विचारले आहे. माझ्या वाचनाप्रमाणे दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. त्यातही पहिल्याचे थोडे सविस्तर द्यावे लागेल.

घरापुढील या जागेला चिनी परंपरेत ‘मिंगतांग’, म्हणजे उजळ दालन, म्हणतात. प्राचीन काळी हे राजाच्या विधिमंडपाचे नाव होते. चौथ्या शतकातील चिनी विद्वान ग्वो पू याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या दफनविषयक ग्रंथात मूळ सूत्र येते: ‘ची’ ही प्राणशक्ती वाऱ्याबरोबर विखुरते आणि पाण्याची सीमा लागली की थांबते. हा विचार आधी थडग्यांसाठी मांडला गेला, हे सहसा कोणी सांगत नाही. पूर्वजांच्या अस्थींना लाभलेली ‘ची’ वंशजांपर्यंत पोहोचते अशी श्रद्धा असल्यामुळे थडग्यापुढच्या मोकळ्या जागेशी साऱ्या घराण्याचे भाग्य जोडले गेले. पण ‘ची’ वाऱ्याने विखुरू नये म्हणून नुसता मोकळेपणा पुरत नाही. पाठीशी डोंगर, डावीकडे ‘हिरवा ड्रॅगन’ आणि उजवीकडे ‘पांढरा वाघ’ मानलेल्या टेकड्या, आणि पुढे संथ वळण घेणारे पाणी, अशा कुशीत असलेली जागाच शुभ. चारही बाजूंनी उघडे माळरान त्यांच्या लेखी दरिद्रीच. बाहेरच्या मिंगतांगात दहा हजार घोडे मावावेत असे म्हणतात खरे, पण घरालगतचा आतला मिंगतांग आटोपशीरच हवा. ‘डोंगर माणसे सांभाळतो, पाणी पैसा सांभाळते’ या अर्थाची म्हणही तिथे रूढ आहे.

चीनच्या आन्ह्वेई प्रांतातील जुन्या घरांत हा विचार प्रत्यक्ष दिसतो. मधल्या लहानशा उघड्या चौकात चारही छपरांच्या पागोळ्या आतच पडतात, कारण पावसाचे पाणी म्हणजे घरातली लक्ष्मी, ती बाहेर जाऊ द्यायची नाही. (आपल्या चौसोपी वाड्यातही पागोळ्या चौकातच पडतात, पण लक्ष्मीचा हा हिशेब तिथे मी ऐकलेला नाही.) याच प्रांतातील होंगत्सून गावात, जे २००० साली जागतिक वारसा यादीत आले, वांग घराण्याच्या पूर्वजगृहासमोर अर्धचंद्राकृती तळे आहे. पूर्ण चंद्राला क्षय लागतो म्हणून ते अर्धेच ठेवले, अशी आख्यायिका गावात सांगतात. अंगणाच्या मधोमध एकच झाड लावू नये हा संकेत तर लिपीतूनच आला आहे: चौकटीत ‘झाड’ हे अक्षर लिहिले की ‘अडचणीत सापडणे’ या अर्थाचे अक्षर होते.

यामागे व्यवहार नाही असे नाही. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरे वारे येतात; पाठ तिकडे करून दक्षिणेला उघडे अंगण ठेवले की ऊन मिळते. पैशाचा भाग मात्र मला निव्वळ श्रद्धेचा वाटतो.

वास्तुशास्त्राचा मेळ इथेच बसत नाही. ते उत्तर आणि पूर्वेकडची बाजू मोकळी, सखल ठेवायला सांगते आणि नैर्ऋत्येला जडत्व मागते. फेंगशुईच्या आदर्श मांडणीत उत्तरेला डोंगर असतो. तेव्हा दोन्हीकडच्या सल्लागारांना एकाच भूखंडावर बोलावल्यास आपल्या उत्तरेच्या कुंपणाबाबत दोघांचे एकमत होणे अवघड आहे.