चाळिशी जवळ आली की घरातल्या बारीकसारीक गोष्टींवरून इतकी चिडचिड का होते? नवरा म्हणतो, हार्मोन्स आहेत.

तुम्ही लिहिलंय की वय 41, फ्रिजमध्ये रिकाम्या बाटल्या परत ठेवलेल्या दिसल्या की डोकं भणभणतं, पलंगावरचा ओला टॉवेल पाहून रडू येतं, आणि नवरा म्हणतो की हे सगळं हार्मोन्समुळे. खरंच तसं असतं का, असं विचारलंय.

नाही. निदान तेवढंच नसतं. मी पोळ्या अर्ध्यावर सोडून हे लिहायला बसले, कारण हाच शब्द मला माझ्या नणंदेने माझ्याच स्वयंपाकघरात ऐकवला होता, सासूबाई दवाखान्यात सलाईनवर असताना.

माझं वय 46. नागपुरात मानेवाड्याकडे राहते, एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. घरात नवरा, सासूबाई, मुलगा आणि मुलगी. तुमच्या बाटल्यांच्या जागी आमच्याकडे कूलर आहे. तुम्ही पुण्या-मुंबईकडच्या असाल तर कूलरवर घर कसं चालतं हे कळायचं नाही. मार्चमध्ये ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावायचे पाण्याने भिजणारे पडदे, बदलायच्या, वाळ्याच्या की साध्या ते ठरवायचं, पंप चालवून बघायचा, पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं क्षाराने बुजलेली असतात ती दाभणाने मोकळी करायची. मग एप्रिल ते जून रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. नळाला पाणी असेल तेव्हाच भरायचं, नाहीतर गच्चीवरची टाकी रिकामी होते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसून, पुसून, कोरडी करायची. दमट हवा सुरू झाली की कूलर चिकचिक करतो, मग पावसाळ्यात बंद. दिवाळीआधी धुऊन, ताट्या काढून, गोणपाटात बांधून ठेवायचा. हे सगळं लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यापासून मी करत आले. कोणी सांगितलं नव्हतं, करायला लागले आणि माझं झालं.

23 मे 2013 हा दिवस नागपूरकर विसरणार नाहीत. पारा 47.9 वर गेला होता. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. त्या दिवशी तिला जुलाब होते, मी तिला घेऊन बसले होते आणि दुपारचं पाणी भरायचं राहिलं. पंप कोरडा चालून चालून जळला. घरात तीन मोठी माणसं होती. पंपाचा जळका वास आल्यावर नवरा उठून आला आणि म्हणाला, "सांगितलं असतं तं केलं असतं ना." मनाने चांगला माणूस आहे, तेव्हाही होता. त्या रात्री दुकानदाराच्या घरी जाऊन त्याने दुकान उघडायला लावलं आणि नवा पंप आणून बसवला. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. सांगायचं हेही माझंच काम, आणि ते कामात धरलंच जात नाही.

त्यानंतर दरवर्षी मी सांगत गेले. "अहो, पाणी." "अहो, ताट्या." एकदा सांगितलं तर ऐकलं नाही म्हणायचे, दोनदा सांगितलं तर किटकिट. तुमच्या चिडचिडीचं मूळ मला इथे दिसतं. बाटली भरायला अर्धा मिनिट लागतो, त्याने कोणी थकत नाही. पण त्या घरात बाटली रिकामी आहे हे दिसणारे डोळे एकट्या तुमचेच आहेत, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. पंचविशीत ते अंगावर येत नाही, कारण आज ना उद्या बाकीचे शिकतील असं वाटत असतं. चाळिशीला कळतं की कोणी शिकणार नाहीये.

आता खरं सांगायचं ते सांगते. गेल्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, मी ठरवलं की कूलरबद्दल एक शब्द बोलायचा नाही. बघू कोणाला दिसतं.

पहिल्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं नाही. दुपारी मुलगा मोबाईल घेऊन आतल्या खोलीत गेला. रात्री नवरा म्हणाला, "हवा गरम येऊन राहिली," आणि गादी घेऊन गच्चीवर झोपायला गेला. मी गप्प. दुसऱ्या दिवशी तसंच. हॉलमध्ये दिवसभर असतात त्या सासूबाई, वय 74, आणि त्यांचा स्वभाव असा की तहान लागली तरी कोणाला उठवायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला शेजारच्या काकूंचा ऑफिसात फोन आला. दुपट्टा बांधून स्कूटर काढली ती मी घरी कशी आले मला आठवत नाही. कूलर पूर्ण वेगाने सुरू होता आणि आत थेंबभर पाणी नव्हतं. बिनपाण्याचा कूलर बाहेरची झळ घरात ओढतो, बंद असता तर परवडलं असतं. हे मला माहीत होतं. घरात फक्त मलाच माहीत होतं. आईंचं अंग भाजत होतं, जीभ कोरडी, आणि त्या मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारत होत्या.

उष्माघाताच्या काठावर होत्या, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवस सलाईन. माझी चूक होती, मी ती कोणावर ढकलणार नाही. राग ज्यांच्यावर होता त्यांनी गच्चीवर जाऊन झोप काढली आणि भोगलं त्या माउलीने. म्हणून तुम्हाला पहिलं सांगते: मुकाट्याने संप करू नका. "बघू कोण भरतं बाटल्या" असं मनात आलं असेल तर ते काढून टाका. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर अजिबात नको.

दुसऱ्या दिवशी नणंद वर्ध्याहून आली. मी डब्यासाठी मूगडाळीची खिचडी लावत होते. ती म्हणाली, "वहिनी, चाळिशी पार झाली की असंच होते. हार्मोन्स असतात. दाखवून घ्या कोणाला तरी." आणि मागे उभा असलेला नवरा हळूच म्हणाला, "सांगितलं असतं तं केलं असतं."

मी तेव्हा काही बोलले नाही. संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघंच होतो, तेव्हा बोलले. आवाज चढवला नाही, तेवढी ताकदही नव्हती. म्हटलं, आत्ता या मिनिटाला माझ्या डोक्यात काय आहे ते ऐका. सिलिंडर 11 तारखेला लावला, चार-पाच दिवसांत संपेल, दुसरा रिकामा आहे. आईंच्या बीपीच्या गोळ्या चार उरल्या. मुलाच्या प्रवेशाला जातीचा दाखला आहे, पण उत्पन्नाचा काढायचाय. दूधवाल्याचे दोन दिवस जास्त लागलेत. लोणच्याच्या कैऱ्या आणल्यात, त्या उद्यापर्यंत फोडल्या नाहीत तर पिकतील. मुलीच्या चष्म्याची काडी तुटली. तुमच्या दादांचा लग्नाचा वाढदिवस परवा आहे, फोन तुम्ही करणार आणि आठवण मी करणार. मग विचारलं, घरातला चालू सिलिंडर कधी लावला, हे मी आत्ता सांगायच्या आधी तुम्हाला माहीत होतं? तो बराच वेळ चपलांकडे बघत बसला. मग म्हणाला, "हे सगळं रोज असतं डोक्यात?" 22 वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला.

तिथून कूलर त्याचा झाला. "मदत" म्हणून नाही, पूर्ण त्याचा. ताट्या आणण्यापासून गोणपाटात बांधेपर्यंत. मी आठवण करायची नाही, तपासायचं नाही आणि त्याने चुकवलं तर भरून काढायचं नाही. फक्त एक गोष्ट मी त्याला आणि मुलाला समोर उभं करून शिकवली: पाणी भरायच्या आधी बटण बंद, आणि प्लग भिंतीतून बाहेर. नुसतं बटण बंद करून ओल्या हाताने पत्र्याच्या कूलरला हात लावायचा नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात पोरंही असतात. तिथे "चुकून शिकेल" हे चालत नाही.

बाकी मात्र त्याला चुकू दिलं. फार जड गेलं. ताट्या स्वस्तातल्या आणल्या, आठवड्यात खाली बसल्या आणि वरची जाळी उघडी पडली. मला दिसत होतं, मी बोलले नाही. टाकी उपसायचं दोन आठवडे राहिलं आणि महापालिकेची माणसं डासांची तपासणी करायला आली. बॅटरी मारून बघितलं तर तळाशी अळ्या. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणूनच आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायचा असतो. आधीची मी असते तर धावत गेले असते, कारणं सांगितली असती आणि फडकं घेऊन बसले असते. त्या दिवशी मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "कूलरचं हे बघतात." नवऱ्याने ऐकून घेतलं, टाकी पालथी केली आणि आतून घासून काढली. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही.

माझे भासरे, म्हणजे ज्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाचं वर लिहिलं ते, त्यांना हे पटत नाही. ते म्हणतात की बायकांना घरचं जन्मजात जमतं, पुरुषाला बाहेरचं. मी त्यांना 2019 च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणाचे आकडे दाखवले. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष करतात ते 97. आणि मुळात करणारे पुरुषच शंभरातले 26. ते म्हणाले, "आमच्या घरी असं काही नाही." जाऊबाई तेव्हा आत आमच्यासाठी चहा ठेवत होत्या. दादा, तुम्ही हे वाचाल याची मला खात्री आहे, तर इथेच विचारते. पाणी किती उरलं हे बघायला जन्मजात काय लागतं? प्लग काढून कूलरला मागून हात लावला तरी कळतं. माझा नवरा तुमचाच सख्खा भाऊ आहे, 48 व्या वर्षी शिकला. तुम्हालाही येईल.

आता हार्मोन्सचं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47 च्या आसपास थांबते आणि त्याच्या आधीची काही वर्षं शरीरात खालीवर चालू असतं, झोप मोडते, रात्री घामाने अंग भिजतं, राग पटकन येतो. तुमची पाळी अनियमित झाली असेल, फार अंगावर जात असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. नणंदेवर राग असूनही मी तपासून घेतलं, हिमोग्लोबिन नऊ निघालं आणि गोळ्या घेतल्यावर जिन्यात लागणारी धाप थांबली. चिडण्यापेक्षा रडूच जास्त येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरला मोकळेपणाने सांगा. पण गोळ्यांनी माझा थकवा गेला. कूलरवरचा राग गेला तो कूलर हातातून गेल्यावर.

आणि माझ्या नवऱ्याने ऐकलं म्हणून हे जमलं, हेही खरं. काही घरांत बाईने असं बोललं तर हात उगारला जातो, तिथे माझा सल्ला लागू नाही, तिथे आधी माहेरचं किंवा बाहेरचं भक्कम माणूस पाठीशी हवं.

तुमच्या बाटल्यांचं असं करा. बाटल्या, टॉवेल, डबे असं सगळं एकदम काढू नका, एकच गोष्ट निवडा. जी पूर्ण सोडून द्यायची तुमची तयारी आहे तीच. ती मुलाला किंवा नवऱ्याला द्या, आणि मग खरंच सोडा. पाणी गार नसेल तर माठातलं प्या, पण बाटली भरू नका. पहिला महिना तुम्हालाच जास्त त्रास होईल. नवरा पुन्हा हार्मोन्स म्हणाला तर भांडू नका, त्याला सिलिंडरची तारीख विचारा. आमच्याकडे या मार्चमध्ये नवऱ्याने आवाज दिला, "वाळ्याच्या ताट्या आणू का साध्या?" मी आतून म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा. तो वाळ्याच्या घेऊन आला. आईंना तो वास आवडतो, हे त्याच्या लक्षात होतं.